हातसुताचा अभ्रा आणि सुताचा पीळ

हाताने कातलेले सूत म्हटले म्हणजे ते पुढे मागावर जावयाचे, असे आपण गृहीत धरून चालतो. लोकर सुयांवर विणावयाची आणि सूत मागावर, अशी वाटणीच जणू होऊन गेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या वाटणीच्या सीमेवरचा आहे. चरख्यावर कातलेल्या सुताचा उशीचा एक साधा अभ्रा सुयांवर विणावयाचा झाल्यास काय करावे लागते, आणि त्यात अडचण नेमकी कोठे येते, हे येथे सांगावयाचे आहे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या पोटात वस्त्रविद्येतील एक जुना प्रश्न दडलेला आहे, आणि तो प्रश्न पिळाचा होय.

या विचाराला निमित्त घरगुती झाले. माझ्या एक आत्या नियमाने सूत कातीत असत. १९४० नंतरच्या काळात घेतलेले ते व्रत त्यांनी सुमारे तीस वर्षे पाळले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पेटीच्या तळाशी कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या अकरा गुंड्या निघाल्या. त्या पुष्कळ वर्षे तशाच राहिल्या, आणि अखेर वस्त्रविद्या शिकविणारी म्हणून माझ्याकडे आल्या. प्रत्येक गुंडी जुन्या मापाची, म्हणजे ६४० तारांची होती. चार फुटांचा एक तार या हिशेबाने गुंडीत २५६० फूट, म्हणजे सुमारे ८५३ वार सूत भरते. (खादीच्या कामात आता १००० मीटरची लड धरतात, जुन्या गुंड्या हाती आल्यास हा फरक ध्यानात ठेवावा.) अशा गुंडीचे वजन ग्रॅममध्ये करून त्याने ४६१ या संख्येस भागिले असता सुताचा नंबर मिळतो. आत्यांच्या गुंड्या ३६ ते ४१ ग्रॅम भरल्या. तेव्हा सूत ११ ते १३ नंबरी, सरासरीने १२ नंबरी म्हणावयास हरकत नाही.

या सुताचे कापड विणून घ्यावे हा पहिला विचार. एका जाणत्या विणकराने गुंडीतले हातभर सूत दोन बोटांत धरून ओढून पाहिले, आणि हे ताण्याला चालणार नाही असे सांगितले. त्यांचे म्हणणे योग्य होते. मागावर ताण्याच्या धाग्याला फार सोसावे लागते. तो अखंड ताणलेला असतो, वहीच्या प्रत्येक उचलीबरोबर घासतो, फणीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चोळला जातो. म्हणून तर त्याला खळ द्यावी लागते. हातसुतात एखादी जागा बारीक राहिली असेल तर धागा नेमका तेथेच तुटतो, आणि तुटलेला धागा जोडण्यात विणकराची मजुरी जाते. हातसूत विणावयास विणकर नाखूष असत, ही तक्रार खादीच्या इतिहासात पहिल्यापासून ऐकू येते. तिच्या मुळाशी आळस नसून हा रोकडा हिशेब होता. सुयांवरच्या विणकामात मात्र धाग्यावर असा ताण कधीच येत नाही. बोटावरून सुटणारा धागा टाक्यापुरता ओढला जातो, इतकेच. जे सूत ताण्याला अपात्र ठरते ते सुयांना पात्र ठरू शकते, हे माझ्या मनाने घेतले, आणि मागाऐवजी सुया हाती घेतल्या. अर्थात सूत मोजकेच होते आणि ते पुन्हा कातले जाणार नव्हते. चूक करावयास फारसा वाव नव्हता.

आपल्या भाषेत लुगडे विणतात, खाट विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. एकाच क्रियापदाने आपण ही सर्व कामे भागवितो, त्यामुळे त्यांतील भेद सहसा डोळ्यांपुढे येत नाही. मागावरच्या कापडात दोन प्रकारचे धागे काटकोनात एकमेकांना अडकवितात. सुयांवरच्या कापडात धागा एकच असतो, आणि तो स्वतःच्याच मागल्या ओळीच्या फासातून फासा काढीत पुढे जातो. ही दुसरी कला आपल्याकडे उशिरा, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, मिशनरी स्त्रियांच्या आणि मुलींच्या शाळांच्या द्वारा रुजली, आणि लोकरीबरोबर आली म्हणून लोकरीचीच होऊन राहिली. मुळात मात्र तिचे सुताशी वैर नाही. दोन सुयांच्या विणकामाचे जे सर्वांत जुने तुकडे उपलब्ध आहेत ते इजिप्तमधील आहेत. अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे हे पायमोजे व त्यांचे तुकडे बहुतांशी पांढऱ्या आणि निळीत रंगविलेल्या सुताचे आहेत, आणि अर्थातच ते सूत हातचे आहे. अभ्र्याची परंपराही लहान नाही. स्पेनमध्ये बुर्गोस शहराजवळ लास उएल्गास नावाचा मठ आहे. तेथे १२७५ साली निधन पावलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या शवपेटीत विणलेला अभ्रा घातलेली उशी सापडली. तो अभ्रा रेशमाचा असून एका इंचात सुमारे वीस टाके इतका बारीक आहे, आणि त्यावर 'बरका' हा आशीर्वादवाचक अरबी शब्द विणलेला आहे. मुसलमान कारागिरांच्या हातचे हे काम समजले जाते. युरोपातील विणकामाच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

रेशमाचा येथे उल्लेख केला त्याला आणखी एक कारण आहे. रेशमाचा तंतू कोशातून शेकडो वार अखंड उलगडत येतो. त्याला एकत्र राहण्यासाठी पिळाची गरज जवळजवळ नसते. कापसाची स्थिती याच्या उलट आहे. आपल्या जुन्या देशी कापसाचा तंतू बहुधा पाऊण इंचाच्या आसपास असे. असले आखूड तंतू एकमेकांना धरून ठेवावयाचे तर त्यांना घट्ट पीळ देणे भाग पडते; पीळ सैल राहिला की तंतू एकमेकांवरून घसरतात आणि सूत हातात सुटून येते. आत्यांच्या सुतातील एक इंच लांबी भिंगाखाली उलगडून मी अनेक जागी पीळ मोजले. ते चौदा-पंधरा भरले. १२ नंबरी सुताला मागाच्या दृष्टीने हा पीळ अगदी योग्य आहे. आत्या कातण्यात चुकल्या नव्हत्या. त्यांनी मागासाठी कातले होते, आणि मी ते सुयांवर नेत होते.

१२ नंबरचा एकेरी धागा हाताने विणावयास फारच बारीक पडतो. म्हणून मी प्रथम सहा धागे एकत्र धरून, त्यांना निराळा पीळ न देता, ११ नंबरच्या म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या सुयांवर एक वीतभर लांबीरुंदीचा नमुना विणला. एक ओळ सुलट, परतताना एक ओळ उलट, ही नेहमीची साधी वीण. नमुना सरळ आला. कडा थोड्या आत वळल्या. परंतु ते या विणीचे अंगचेच आहे. मी निश्चिंत झाले आणि अभ्र्याला आरंभ केला. चार बोटे काम झाल्यावर सहज म्हणून तो नमुना गरम पाण्यात बुडविला, साबणाने धुतला आणि सावलीत पसरून वाळविला. तो वाळला तेव्हा त्याचा चौकोन राहिला नव्हता. टाक्यांच्या उभ्या रांगा उजवीकडे झुकल्या होत्या, वीतभर उंचीत चांगली दोन बोटे. रुमालाचा एक कोपरा धरून ओढावा तसा त्याचा आकार झाला होता.

दोष माझ्या हाताचा असावा असे प्रथम वाटले. टाके उकलून, हात अधिक सम ठेवून दुसरा नमुना विणला. तो कोरडा असताना सरळ होता आणि धुतल्यावर तितकाच कलला. तेव्हा उकल झाली. गुंडीतून तोडलेला हातभर धागा दुमडून सोडला तर ताज्या कातलेल्या सुताप्रमाणे तो स्वतःभोवती गुंडाळला जात नव्हता. स्वस्थ लोंबत राही. मी त्यावरून सुताचा जोर गेला असे समजले होते. परंतु तोच धागा गरम पाण्यात बुडवून काढताच तो सापासारखा वळवळून स्वतःला वेटोळे घालू लागला. वर्षानुवर्षे गुंडीत ताणलेल्या स्थितीत राहिल्याने पीळ निजला होता, गेला नव्हता. कापसाच्या तंतूत पाणी शिरले की तो फुगतो, त्याचे जखडलेपण सुटते, आणि त्यात साठलेला जोर बाहेर पडतो. जुने सूत विणावयास घेणाराने त्याची परीक्षा ओले करूनच केली पाहिजे, हा धडा मला दोन नमुने आणि चार बोटे अभ्रा उकलून मिळाला.

आता हा कल येतो कसा ते पाहू. पीळ दिलेला धागा म्हणजे गुंडाळून ठेवलेली कमान होय. तो सदैव उलगडू पाहतो. मागावरच्या कापडात धागा सरळ असतो, आणि त्याला आडवे जाणारे धागे त्याला ठायी ठायी दाबून धरतात. उलगडण्याची त्याची इच्छा असली तरी त्याला फिरावयास जागा नसते. (पीळ अतिशय वाढविला तर मात्र मागाचे कापडही चुणते; क्रेप नावाचे कापड याच युक्तीने करतात.) सुयांवरच्या कापडातील फासा याच्या उलट मोकळा असतो. त्याचे दोन पाय खालच्या फाशात उभे असतात, आणि डोके वरच्या फाशाला धरून असते. धागा उलगडू लागला की फाशाचे दोन्ही पाय सारखे राहत नाहीत. फासा आपल्या जागी किंचित वळतो. एका फाशाचे वळणे डोळ्याला दिसतही नाही. परंतु साध्या विणीत सर्व फासे एकाच तोंडाचे असल्याने ते सर्व एकाच बाजूला वळतात, प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर जराशी सरकून बसते, आणि शंभर ओळींनंतर चौकोनाचा तिरका चौकोन झालेला असतो.

कल कोणत्या बाजूला पडावा हेही पिळावरच ठरते. धागा उभा धरला असता पिळाची रेघ डावीकडून उजवीकडे वर चढत असेल, तर ती इंग्रजी झेड या अक्षराच्या मधल्या रेघेसारखी दिसते. याच्या उलट असेल तर एस अक्षरासारखी. म्हणून वस्त्रविद्येत झेड-पीळ आणि एस-पीळ अशी नावे रूढ आहेत. झेड-पिळाच्या सुताचे साधे विणकाम सुलट बाजूने पाहता उजवीकडे कलते, एस-पिळाचे डावीकडे. भारतात कातलेले सूत प्राचीन काळापासून बहुधा झेड-पिळाचे आढळते, आणि इजिप्तमधील स्थानिक सूत बहुधा एस-पिळाचे. तांबड्या समुद्राच्या काठी असलेल्या बेरेनिके या रोमनकालीन बंदराच्या उत्खननात सुती कापडाचे जे तुकडे मिळाले, त्यांतील ताणा आणि बाणा दोन्ही झेड-पिळाचे असलेले तुकडे भारतातून आलेले असावेत, असे संशोधकांनी ठरविले त्याला हा एक मोठा आधार होता. कातणारीच्या हाताची सवय दोन हजार वर्षांनंतर तिच्या देशाची साक्ष देते, हे मला मोठे विलक्षण वाटते. आत्यांचे सूत अर्थात झेड-पिळाचे होते.

हा दोष हातसुतापुरताच आहे असे मात्र कोणी समजू नये. गिरणीच्या एकेरी सुताचा नवा गंजीफ्रॉक दोन-चार धुण्यांनंतर पाहावा. त्याची बाजूची शिवण पुष्कळदा खालच्या टोकाशी पोटाकडे सरकलेली दिसते. आपण शिंप्याला दोष देतो. शिंप्याने ती सरळच घातलेली असते. अंगावरच्या कपड्यात हे खपून जाते, कारण शरीर चौकोनी नसते. उशी मात्र चौकोनी आहे. तिचे चार कोपरे अभ्र्याच्या चार कोपऱ्यांत बसले पाहिजेत, आणि शिवण कडेने गेली पाहिजे. पिळाचा दोष तपासावयास उशीच्या अभ्र्यासारखी दुसरी सोपी वस्तू मला सुचत नाही.

उपाय म्हणून सामान्यतः जे करतात ते सर्व मी करून पाहिले. ओला तुकडा ओढून सरळ केला, टाचण्यांनी पाटावर ताणून वाळविला, वर खळ देऊन इस्त्री केली. तुकडा छान सरळ झाला, आणि पुढच्या धुण्यात पुन्हा कलला. दुसरा उपाय विणीचा आहे व तो खरा आहे. दोन्ही बाजूंनी सर्व ओळी सुलटच विणल्या, किंवा एक टाका सुलट व एक उलट घेऊन पुढच्या ओळीत त्यांची जागा बदलीत गेले (काही घरांत हिला साबुदाण्याची वीण म्हणतात), तर सुलट आणि उलट फासे सारख्याच संख्येने येतात. त्यांचे कल परस्परविरुद्ध असल्याने ते एकमेकांना खाऊन टाकतात, आणि कापड चौकोनी राहते. एकेरी हातसूत तसेच विणावयाचे असेल तर हाच मार्ग धरावा. परंतु साबुदाण्याच्या विणीवर गाल टेकून झोपणारास सकाळी आरशात काय दिसते, याचाही विचार करणे प्राप्त आहे. अभ्र्याला मधला भाग साधा व गुळगुळीतच हवा, असे माझे मत पडले.

राहिला तिसरा उपाय, आणि तोच मुळावर घाव घालणारा आहे. धाग्यांना एकत्र करून, ज्या दिशेने ते कातले तिच्या उलट दिशेने पुन्हा पीळ द्यावयाचा. म्हणजे पदरी सूत करावयाचे. झेड-पिळाचे सहा धागे एस-दिशेने एकत्र पिळले की प्रत्येक धाग्याचा उलगडण्याचा जोर आणि सहांचा मिळून उलगडण्याचा जोर एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. ते दोन्ही समान झाले म्हणजे सूत कोणत्याच बाजूस वळू पाहत नाही. दुपदरी सुताला यासाठी मूळ पिळाच्या सुमारे दोन-तृतीयांश पीळ उलट दिशेने लागतो. पदर वाढतील तसा तो कमी पुरतो. माझ्या सहापदरी सुताला इंचामागे पाच ते सहा पीळ पुरले. परंतु आकड्यावर विसंबू नये. पिळलेले वारभर सूत गरम पाण्यात भिजवून त्याची दोन टोके एकत्र धरावी व मधला भाग लोंबू द्यावा. तो झोळीसारखा उघडा राहिला तर पीळ बरोबर आहे. त्याने ज्या दिशेला वेटोळे घातले ती दिशा पाहून पीळ कमी की अधिक ते ओळखावे.

पदरी सुताचा दुसराही लाभ आहे. हातसुतात जाड-बारीक जागा असतातच. त्या सर्व धाग्यांत एकाच ठिकाणी येण्याचा संभव अल्प असतो. एकाची बारीक जागा दुसऱ्याच्या जाड जागेने भरून निघते. गणिताच्या नियमाने, स्वतंत्र धाग्यांची संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात विषमता घटते. सहा पदरांत ती सुमारे अडीच पटींनी कमी होते. विणकराने ज्या सुताला नकार दिला ते सहापदरी झाल्यावर हाताने तुटेना.

पिळण्याची कृती अशी. गुंड्या फाळक्यावर चढवून सहा कांड्या भरून घ्याव्या. त्यांचे धागे एका फळीला पाडलेल्या सहा भोकांतून ओढून चातेकडे न्यावे, आणि चरखा उलट फिरवावा. फळीमुळे सहाही धाग्यांवर ताण सारखा राहतो. तो सारखा राहिला नाही तर सैल धागा इतरांभोवती जिन्यासारखा चढतो, आणि सुताला गाठाळपणा येतो. कांड्यांवरील धागा ओलसर असावा, म्हणजे फुसकी येत नाही. पिळलेल्या सुताची लड करून ती धुण्याचा सोडा व साबण घातलेल्या पाण्यात तास-दीड तास उकळावी. कापसावर निसर्गतःच मेणाचा लेप असतो. तो गेल्यावाचून सूत पाणी पीत नाही, आणि घाम न पिणारा अभ्रा उन्हाळ्यात काय कामाचा? या उकळण्यात पीळही बसतो, आणि जे आटावयाचे ते बहुतेक येथेच आटून जाते. माझ्या सुताचा पिवळट रंग यात पुष्कळ उजळला. आणखी एक बारीकशी गोष्ट. सुताचा गुंडा करून तो मधून ओढून विणू लागले, तर प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ वाढतो किंवा घटतो. इतक्या काळजीने साधलेला तोल अशा रीतीने मोडू नये. गुंडा बाहेरून उलगडावा आणि तो फिरता राहू द्यावा.

सूत पुरेल की नाही हा माझ्यापुढे मोठाच प्रश्न होता, म्हणून त्याचा हिशेब येथे देते. साध्या विणीच्या कापडात एका इंचातील टाक्यांची संख्या आणि एका टाक्यात जाणारी सुताची लांबी यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर असतो, हे डी. एल. मंडन यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले आहे. कापड धुऊन स्वस्थ झाले असता, इंचांत मोजल्यास हा गुणाकार चारच्या आसपास येतो. याचा व्यवहारी अर्थ असा की, एका ओळीला तिच्या रुंदीच्या चौपट सूत लागते. माझी उशी १८ इंच रुंद व २७ इंच लांब. अभ्रा गोल विणला तर घेर ३६ इंच. म्हणून प्रत्येक फेरीला १४४ इंच, बरोबर चार वार सूत. धुतलेल्या नमुन्यात इंचाला ७ टाके व ९ ओळी बसत होत्या. तेव्हा २५२ टाके घालून २४३ फेऱ्या, आणि सूत ९७२ वार. सहा पदरांचे एकेरी सूत ५८३२ वार, म्हणजे पावणेसात गुंड्यांहून किंचित अधिक. पिळताना शंभर वारांमागे पाच-सहा वार आखडतात ते, तोंडाची पट्टी व नमुने धरून आठ गुंड्या. अकरांपैकी तीन उरत होत्या.

हाच अभ्रा मागावरच्या खादीचा केला असता, इंचाला चाळीस ताणे व चाळीस बाणे धरून, पावणेतीन गुंड्यांत काम भागले असते. सुयांवरचे विणकाम अडीच पट सूत खाते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. श्रमही थोडे नाहीत. एकूण टाके ६१,२३६ होतात. मिनिटाला तीस टाके या वेगाने चौतीस तास. हा हिशेब पुढे ठेवून कोणी अभ्रा विणावयास बसणार नाही. परंतु माग नसलेल्या घरात, ताण्याला न चालणाऱ्या सुताचे, एकाच माणसाच्या हाताने संपूर्ण वस्त्र होऊ शकते, ही त्याची दुसरी बाजू आहे. आणि माझ्यापुरता तोच प्रश्न होता.

प्रत्यक्ष विणण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. अभ्रा गोल सुईवर विणला तर बाजूला शिवण राहत नाही, आणि प्रत्येक फेरी सुलटच येते. तोंडाकडून आरंभ करावा. पहिल्या दहा फेऱ्या साबुदाण्याच्या विणीच्या घालाव्या, म्हणजे काठ वळत नाही, आणि तेथेच तीन काजी ठेवता येतात. शेवटी पुढचे व मागचे १२६-१२६ टाके समोरासमोर धरून एकत्रच बंद करावे. सुती विणकामाला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो. एकदा ताणले की ते परत येत नाही. म्हणून घेर उशीपेक्षा अर्धा-एक इंच कमी ठेवला तरी चालतो, अधिक मात्र असू नये. धुतल्यावर अभ्रा दोरीवर टांगू नये. ओले सूत कोरड्याहून बळकट असते, तेव्हा फाटण्याचे भय नाही. पण पाण्याच्या भाराने तो लांबतो आणि रुंदीत आक्रसतो. खाटेवर पसरून वाळवावा.

ज्यांना मुळापासून आरंभ करावयाचा आहे, म्हणजे सुयांसाठीच सूत कातावयाचे आहे, त्यांनी मात्र आत्यांच्या मार्गाने जाऊ नये. खादीच्या परंपरेत सुताची प्रतवारी नंबर, मजबुती आणि समानता यांवर होत असे. सूत जितके बारीक व घट्ट, तितका कातणारीचा मान. या मोजपट्ट्या मागाच्या आहेत. सुयांना पीळ कमी हवा आणि सूत मऊ हवे. नंबरच्या वर्गमुळाला एका अंकाने गुणून इंचामागील पीळ ठरवितात. ताण्याच्या सुताला तो अंक चार किंवा किंचित अधिक धरतात, विणकामाच्या सुताला अडीच ते तीन पुरतो. सहा नंबरचे सूत इंचाला सात पीळ देऊन कातावे आणि ते तिपदरी करावे. जाडी माझ्या सहापदरी सुताइतकीच येईल, आणि कातण्याचे श्रम निम्म्याने वाचतील. इतक्या कमी पिळाला लांब तंतूचा कापूस लागतो. देशी कापसाच्या दिवसांत हे कठीण होते. आज विदर्भात व खानदेशात पिकणारा बहुतेक कापूस संकरित वाणांचा आहे, आणि त्याचा तंतू इंचाहून अधिक लांब असतो. या एका बाबतीत तरी विणणारणीची सोय झाली आहे.

अभ्रा आतापर्यंत नऊ वेळा धुतला. टाक्यांच्या रांगा कडेला समांतर आहेत. लांबी पाऊण इंचाने आटली, आणि ती पहिल्या दोन धुण्यांतच आटली. उरलेल्या तीन गुंड्या विभागाच्या संग्रहात ठेवल्या आहेत. दर वर्षी पिळाचा पाठ येतो तेव्हा त्यांतील हातभर धागा तोडून आधी कोरडा व मग गरम पाण्यात बुडवून विद्यार्थिनींच्या हाती देते.